पन्नास मीटर पाण्यावरून

भर समुद्रात जहाजाचं तेल संपत आलं तर काय करतात? किनाऱ्यावर बसून उत्तर सोपं वाटतं. तेलवाहू जहाज येत असेल, दोघं शेजारी शेजारी थांबत असतील, नळी जोडून तेल भरत असतील आणि आपापल्या वाटेनं जात असतील. या उत्तरात चूक एकच आहे: ती जहाजं थांबत नाहीत. सगळी गंमत तिथेच आहे.

थांबलेलं जहाज समुद्रात फार दुबळं असतं. सुकाणूवरून पाणी वाहतं म्हणून सुकाणूला जोर असतो. जहाज थांबलं की सुकाणू म्हणजे नुसता लोखंडी पत्रा. मग लाटा जहाजाला हळूहळू आडवं घालतात आणि ते डोलायला लागतं. अशी दोन डोलणारी जहाजं जवळजवळ ठेवली तर ती एकमेकांना ठोकरा मारणार हे ठरलेलंच. त्यातून युद्धनौका असेल तर भर समुद्रात थांबणं म्हणजे पाणबुडीच्या हातात आयतं सावज देणं. म्हणून तेल घ्यायचं ते चालता चालता. दोन्ही जहाजांनी एकाच दिशेला, एकाच वेगानं, साधारण १२ ते १६ नॉटनं, म्हणजे ताशी २२ ते ३० किलोमीटरनं जायचं, आणि मध्ये चाळीस-पन्नास मीटर पाणी ठेवायचं. ना कमी, ना जास्त. हे तास-दोन तास, कधी त्याहून जास्त वेळ चालतं, आणि रात्रीच्या अंधारातही चालतं. नौदलात याला रिप्लेनिशमेंट ॲट सी म्हणतात, बोलताना नुसतं आरएएस.

आकार डोळ्यांपुढे आणल्याशिवाय यातलं साहस कळत नाही. भारतीय नौदलाचं ‘आयएनएस दीपक’ हे तेलवाहू जहाज १७५ मीटर लांब आहे आणि भरलेलं असताना त्याचं वजन २७,५०० टनांच्या घरात जातं. शेजारी तेल घ्यायला आलेली, मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली कोलकाता वर्गाची विनाशिका १६३ मीटर लांब आणि सुमारे साडेसात हजार टनांची. या दोघींना ब्रेक नाहीत. इंजिन उलटं फिरवलं तरी थांबायला शेकडो मीटर लागतात. आणि मधलं अंतर त्यांच्या स्वतःच्या लांबीच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी.

आता प्रत्यक्ष काय होतं ते पाहू.

तेलवाहू जहाज आधी आपली दिशा आणि वेग पक्का करतं आणि त्यानंतर त्यात काडीचाही बदल करत नाही. त्याचं काम सरळ जाणं, बस्स. लाल कापडावर पिवळा क्रॉस असलेला ‘रोमिओ’ झेंडा अर्ध्यावर चढला की समजायचं, ‘मी स्थिर आहे, तुम्हाला घ्यायची तयारी करतोय.’ तोच झेंडा टोकाला गेला की, ‘या.’ तेल घेणारं जहाज मागून, थोड्या जास्त वेगानं येतं, तेलवाहूच्या बगलेशी पोहोचता पोहोचता वेग उतरवतं आणि बरोबरीत आलं की तिथेच टिकून राहतं. कॅप्टन या वेळी ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीच्या, आत नसतो. ब्रिजचा जो भाग बाहेर पाण्यावर डोकावतो, त्या टोकाशी उभं राहून तो मधल्या पाण्याकडे बघत असतो. आत सुकाण्याला हुकूम सुटत असतात ते एकेका अंशाचे, कधी अर्ध्या अंशाचे. इंजिनाला सांगितलं जातं ते पंख्याचे मिनिटाला एक-दोन फेरे वाढवायला किंवा कमी करायला. हजारो टनांचं धूड आणि हुकूम मात्र सोनाराच्या हातचे.

मग शिट्टी होते. देणाऱ्याकडून एक: ‘दोरी सोडतोय.’ घेणाऱ्याकडून दोन: ‘सोडा.’ डेकवरची माणसं आडोशाला जातात, कारण दोरी फेकली जाते ती रायफलीनं. नळीतून सुटलेला गोळा पातळशी दोरी घेऊन पलीकडच्या डेकवर पडतो. पहिला धागा जुळला. त्या दोरीला जास्त जाड दोर बांधलेला असतो, त्याला त्याहून जाड, आणि शेवटी पोलादी तारेचा दणकट दोर येतो. तो तेल घेणाऱ्या जहाजावर एका आकड्यात अडकवतात. हा आकडा असा बनवलेला असतो की हातोड्याच्या एका फटक्यात सुटावा. त्याचं कारण पुढे येईलच.

त्याच वेळी डेकच्या पुढच्या भागात आणखी एक दोरी ताणली जाते. तिचं काम फक्त अंतर सांगणं. तिच्यावर दर वीस फुटांवर रंगीत फडकी लावलेली असतात. अमेरिकी नौदलात हिरवं, लाल, पिवळं, निळं, पांढरं आणि पुन्हा हिरवं असा क्रम असतो; रात्री फडक्यांच्या जागी दिवे. कॅप्टनला मोजपट्टी लागत नाही, कठड्याशी कोणता रंग आला एवढं बघितलं की झालं. या दोरीसोबतच टेलिफोनची तार जाते, आणि तो टेलिफोन मला या सगळ्यातली सर्वात लोभस वस्तू वाटते. त्याला बॅटरी नाही, वीज नाही. बोलणाऱ्याच्या आवाजानं आतला पडदा हलतो, त्या हालचालीतून चुंबकाजवळच्या वेटोळ्यात एवढासा प्रवाह तयार होतो, आणि तोच पलीकडच्या कानातला पडदा हलवतो. माणसाच्या श्वासाच्या जोरावर चालणारा फोन! युद्धात सगळी वीज गेली तरी बोलणं चालू राहावं म्हणून नौदलांनी तो जपून ठेवला आहे.

आता तेलाची नळी. ती हवेत पोलादी तारेखाली चाकांच्या खोगिरांना लटकून वेटोळ्यांच्या माळेसारखी पुढे सरकते. तिच्या टोकाशी एक जाडजूड नाक असतं आणि पलीकडच्या जहाजावर फनेलसारखं तोंड. नाक तारेवरून घसरत येतं, त्या तोंडात घुसतं आणि आपोआप कुलूपबंद होतं. बाजूची खूण वर उठली की पक्कं बसलं असं समजायचं. मग अख्खं कापड लाल असलेला ‘ब्राव्हो’ झेंडा फडकतो, म्हणजे धोक्याचा माल चालू आहे, आणि पंप सुरू होतात. ‘दीपक’वरचे सगळे पंप मिळून तासाला १,५०० टन तेल ढकलू शकतात आणि एका वेळी चार जहाजांना पुरवू शकतात. तासाला १,५०० म्हणजे मिनिटाला २५ टन. एवढं तेल अशा नळ्यांतून वाहतंय ज्यांची दोन्ही टोकं वेगवेगळ्या लाटांवर नाचतायत.

मग ती तार तुटत का नाही? जहाजं डोलतात, जवळ येतात, लांब जातात. जवळ आली तर तार ढिली पडून नळी पाण्यात बुडेल, लांब गेली तर ताण इतका वाढेल की पोलाद कापडासारखं फाटेल. आणि ताणलेली पोलादी तार तुटली की ती डेकवरून सपकन फिरते, वाटेत माणूस आला तर त्याची गय करत नाही. यावरचा उपाय तेलवाहूच्या खांबाशी उभा असतो. एका मोठ्या नळकांड्यात दाबलेली हवा आणि एक दट्ट्या. तार या दट्ट्याच्या चाकांवरून चार-पाच वेढे घेऊन जाते. जहाजं लांब गेली की दट्ट्या आत दबतो आणि तार सोडतो, जवळ आली की हवा त्याला बाहेर ढकलते आणि तो तार खेचून घेतो. ताण जिथल्या तिथे. हे यंत्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलं. त्याच्या आधी हे काम माणसं करत होती, चक्राच्या ब्रेकवर हात ठेवून, लाटेकडे नजर लावून.

तरीही तारेपेक्षा मोठा शत्रू वेगळाच आहे, आणि तो दिसत नाही. तो त्या पन्नास मीटर पाण्यात असतो.

चालतं जहाज आपल्याभोवती पाण्याचा दाब बदलत जातं. नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, ते पाणी रेटतं, तिथे दाब जास्त. मागच्या टोकाशी पाणी पुन्हा एकत्र येतं, तिथेही जास्त. मधल्या पोटाशी मात्र पाण्याला वळसा घालून लवकर निघावं लागतं, त्याचा वेग वाढतो. वेग वाढला की दाब घटतो, हे डॅनिएल बर्नूलीनं १७३८ साली आपल्या ‘हायड्रोडायनामिका’ या ग्रंथात मांडलं. आता दोन जहाजं शेजारी आणा. दोघांच्या पोटांमधली गल्ली अरुंद, तिथलं पाणी आणखी वेगानं निघतं, दाब आणखी पडतो आणि बाहेरचा समुद्र दोघांनाही एकमेकांकडे ढकलू लागतो. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर दुचाकीवरून जाताना शेजारून भरधाव ट्रक गेला की आधी धक्का लागतो आणि मग आपण ट्रककडे ओढले जातो, ते हेच, फक्त हवेतलं. पाणी हवेपेक्षा आठशेपट जड आहे, म्हणजे हिशेब कुठे जातो बघा.

तेल घ्यायला येणाऱ्या जहाजाला हे सगळे दाब एकामागून एक लागतात. त्याची नाळ तेलवाहूच्या मागच्या टोकाजवळ आली की ती बाहेर ढकलली जाते. सुकाण्यानं घाईघाईनं ती आत वळवली तर पुढच्या क्षणी नाळ तेलवाहूच्या पोटाशी, कमी दाबाच्या पट्ट्यात पोहोचते आणि आता पाणीच तिला आत ओढू लागतं. दोन्ही चुका एकाच दिशेच्या! म्हणून पहिल्या धक्क्याला उत्तर देताना हात आखडता ठेवायचा असतो. निघतानाही असंच उलटं तर्कशास्त्र असतं. जहाज गाडीसारखं पुढच्या चाकांवर वळत नाही. सुकाणू मागे असतं, त्यामुळे नाळ बाहेर वळवली की मागचं टोक आत झुलतं. दूर जायच्या उत्साहात सुकाणू जोरात फिरवलं तर आपलीच शेपटी तेलवाहूवर जाऊन आपटेल. म्हणून आधी वेग वाढवायचा, सुकाणू अंश-दोन अंश वळवायचं आणि पुढे सरकत सरकत अलगद सुटायचं. वेगाचंही त्रांगडं आहेच. वेग कमी केला तर सुकाणू ढिलं पडतं, वाढवला तर ओढ वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे वेग दुप्पट तर ओढ चौपट. बारा ते सोळा नॉट हा आकडा या दोन संकटांमधल्या तडजोडीतून आलेला आहे.

ही ओढ काय करू शकते ते जगानं २० सप्टेंबर १९११ रोजी पाहिलं. इंग्लंडच्या दक्षिणेला सोलेंट नावाच्या सामुद्रधुनीत ‘ऑलिंपिक’ हे ४५ हजार टनांचं प्रवासी जहाज आणि ‘हॉक’ ही सात हजार टनांची क्रूझर शेजारून चालली होती. अचानक ‘हॉक’ वळली आणि ‘ऑलिंपिक’च्या मागच्या बाजूत घुसली. मोठ्या जहाजानं आम्हाला ओढून घेतलं, असं नौदलानं कोर्टात सांगितलं आणि ते मान्य झालं. ‘ऑलिंपिक’वर तेव्हा कॅप्टन एडवर्ड स्मिथ होते. तिच्या दुरुस्तीसाठी बेलफास्टच्या गोदीतले कामगार तिच्या भावंडाकडून काढून घ्यावे लागले, भावंडाची पहिली सफर मार्चवरून एप्रिल १९१२ वर गेली, आणि त्या सफरीला कॅप्टन स्मिथच गेले. भावंडाचं नाव ‘टायटॅनिक’.

शेजारी येण्याच्या या धोक्यामुळेच बराच काळ कोणी तसं करायला धजावत नव्हतं. आणि शिडाच्या जमान्यात त्याची गरजही नव्हती. वारा कुठे भरून घ्यावा लागतो? गरज निर्माण केली वाफेनं, आणि तिची पहिली लख्ख गोष्ट मुंबईची आहे. मुंबईच्या गोदीत वाडियांनी ‘ह्यू लिंडसे’ नावाची ४११ टनांची आगबोट बांधली. २० मार्च १८३० रोजी ती सुएझकडे निघाली. तिच्या कोठारांत साधारण साडेपाच दिवसांचा कोळसा मावत होता आणि वाटेतल्या एडनला पोहोचायला लागणार होते अकरा दिवस. मग उरलेला कोळसा केबिनमध्ये, सलूनमध्ये, डेकवर, जिथे जागा सापडेल तिथे रचला. बोट इतकी खाली बसली की मागचं टोक पाण्याला टेकलं. एडनला पोहोचली तेव्हा जेमतेम काही तासांचा कोळसा उरला होता.

नऊ वर्षांनी, १८३९ मध्ये, इंग्रजांनी एडनच घेऊन टाकलं, मुख्यतः कोळसा साठवायला, आणि पुढे १९३२ पर्यंत ते मुंबई इलाख्यातून चालवलं. जिब्राल्टर, माल्टा, एडन, मुंबई, सिंगापूर, हाँगकाँग ही ब्रिटिश साम्राज्याची माळ नीट बघितली तर ती कोळशाच्या वखारींची माळ आहे. ज्याच्याकडे वखारी नाहीत त्याचं काय होतं, ते रशियाच्या वाट्याला आलं. ऑक्टोबर १९०४ मध्ये ॲडमिरल रोझेस्तवेन्स्कीचा ताफा बाल्टिक समुद्रातून निघून जवळजवळ अर्ध्या जगाला वळसा घालत जपानशी लढायला गेला. इंग्रज जपानचे मित्र, त्यामुळे त्यांच्या वखारी बंद. मग जर्मन कंपनीची कोळसावाहू जहाजं भाड्यानं घेतली. हिंदी महासागरात ताफा जागच्या जागी थांबायचा, होड्या सोडल्या जायच्या आणि पोती भरभरून कोळसा वाहिला जायचा. उष्ण कटिबंधातल्या उन्हात, अंगावर काळ्या धुळीचा लेप घेऊन, अधिकाऱ्यांपासून खलाशांपर्यंत सगळे जुंपलेले. पुढचा कोळसा कधी मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून तो डेकवर आणि केबिनमध्येही रचलेला. २७ मे १९०५ रोजी त्सुशिमाला हा ताफा बुडाला. हरण्याची कारणं पुष्कळ होती, पण सात महिने कोळशाची हमाली केलेले दमलेले खलाशी आणि भाराखाली दबलेली जहाजं हे त्यातलं एक नक्की होतं.

चालत्या जहाजांमध्ये कोळसा द्यायचे प्रयत्नही झाले. १८९९ मध्ये अमेरिकेत स्पेन्सर मिलर या अभियंत्यानं दोन जहाजांमध्ये तार ताणून तिच्यावरून कोळशाची पोती पाठवून दाखवली. पण पोती ती पोतीच, जमून जमून किती जमणार? खरा बदल झाला तो जहाजांनी कोळसा सोडून तेल घेतलं तेव्हा. तेल नळीतून वाहतं, त्याला फावडं लागत नाही, एवढ्या एका गुणानं आरमारांचा नकाशा बदलला.

हा बदल दिसला तो ‘मॉमी’ या अमेरिकी नौदलाच्या तेलवाहू जहाजावर. त्याच्यावर चेस्टर निमिट्झ नावाचा तिशीतला अधिकारी होता. डिझेल इंजिनांचा तो जाणकार. याच जहाजाची इंजिनं पाहुण्यांना दाखवताना त्याचा हातमोजा दातेरी चाकांत अडकला आणि डाव्या हाताच्या बोटाचा तुकडा गेला. बोटातल्या अंगठीशी चाकं अडली म्हणून बाकीचा हात वाचला. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि विनाशिकांना अटलांटिक ओलांडून आयर्लंडला जायचं होतं. त्यांच्या पोटात तेवढं तेल मावत नव्हतं. ‘मॉमी’ ग्रीनलंडच्या दक्षिणेला जाऊन उभी राहिली आणि २८ मे १९१७ रोजी सहा विनाशिका एकेक करून तिच्या शेजारी आल्या, तेल घेऊन पुढे गेल्या. वेग पाच नॉट, मधलं अंतर बारा-पंधरा मीटर, समुद्र खवळलेला. पुढच्या तीन महिन्यांत ‘मॉमी’नं ३४ विनाशिकांना असं तेल दिलं. जहाजाची यंत्रं आणि तेल देण्याची ही तजवीज बसवण्यात निमिट्झचा मोठा वाटा होता. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचा पॅसिफिक ताफा त्याच्या हाताखाली होता, आणि तेल कुठे आहे हे आधी विचारायची त्याची सवय त्या महासागरात फार उपयोगी पडली.

कारण दुसऱ्या महायुद्धातल्या आरमारी लढाया आपण तोफा आणि विमानांच्या भाषेत ऐकतो, पण टाक्यांच्या भाषेत ऐकल्या तर त्या वेगळ्याच वाटतात. ‘बिस्मार्क’ मे १९४१ मध्ये नॉर्वेत थांबली असताना तिनं टाक्या पूर्ण भरून घेतल्या नाहीत. तीन दिवसांनी तिच्या नाळेत गोळा बसला, पुढच्या टाक्यांमधलं सुमारे हजार टन तेल हाताबाहेर गेलं, आणि जर्मनीची सर्वात मोठी युद्धनौका वेग कमी करून फ्रान्सची वाट धरायला लागली. वाटेतच इंग्रजांनी तिला गाठलं. जपान्यांनी पर्ल हार्बरवर हल्ला केला तो घरापासून हजारो मैलांवर. २६ नोव्हेंबर १९४१ रोजी हितोकाप्पू उपसागरातून निघालेल्या त्या ताफ्याबरोबर तेलवाहू जहाजं होती आणि उत्तर पॅसिफिकच्या थंडीत वाटेत तेल भरत तो गेला. तेलाची पिंपं तर डेकवर सुद्धा ठेवली होती. पाच महिन्यांनी, ७ मे १९४२ रोजी, कोरल समुद्रात जपानी टेहळणी विमानानं एका लांब, सपाट जहाजाला विमानवाहू नौका समजून खबर दिली. जपान्यांनी आपल्या विमानवाहू नौकांवरची बहुतेक ताकद, जवळपास ऐंशी विमानं, तिच्यावर सोडली. ती निघाली ‘निओशो’, एक तेलवाहू. तिच्या सोबतची विनाशिका बुडाली, ‘निओशो’ जळत तरंगत राहिली आणि चार दिवसांनी तिला बुडवून टाकावं लागलं. इकडे त्याच सकाळी अमेरिकी विमानांनी ‘शोहो’ ही खरीखुरी जपानी विमानवाहू नौका बुडवली.

तरी त्या काळात एक अडचण होतीच. तेल एका जहाजाकडून, दारूगोळा दुसऱ्याकडून, बटाटे-पीठ तिसऱ्याकडून. प्रत्येकाच्या शेजारी जायचं, दोऱ्या बांधायच्या, सोडायच्या. सगळं एकाच जहाजावर ठेवायची युक्ती जर्मनांची. युद्ध संपल्यावर ‘डिटमार्शेन’ हे त्यांचं पुरवठा जहाज अमेरिकेच्या हाती आलं, ‘कोनेकू’ नावानं त्याच्यावर प्रयोग झाले, आणि १९६४ मध्ये ‘सॅक्रामेंटो’ हे जहाज दाखल झालं: तेल, दारूगोळा, किराणा, सगळं एका छपराखाली, आणि वेग इतका की विमानवाहू नौकेच्या बरोबरीनं पळावं. हा वेग आला कुठून? ‘केंटकी’ या अर्धवट राहिलेल्या महाकाय युद्धनौकेची इंजिनं पडून होती, ती उचलून ‘सॅक्रामेंटो’ आणि तिच्या बहिणीत बसवली. तोफांसाठी बांधलेली यंत्रं शेवटी शिधा पोहोचवायला लागली. मला हे त्या यंत्रांचं भाग्य वाटतं.

कोणी म्हणेल, आता अणुशक्तीवर चालणारी जहाजं आहेत, त्यांना कुठे तेल लागतं? विमानवाहू नौकेला नाही लागत, पण तिच्या विमानांना लागतं, आणि तिच्यावरच्या पाच हजार माणसांना रोज जेवायला लागतं. पेट्या-पोती तारेवरून जातात किंवा हेलिकॉप्टरखाली जाळीत लटकून. शिवाय तिच्या भोवतीच्या नौका डिझेलसारख्या इंधनावरच चालतात. त्यामुळे ही पन्नास मीटरची कसरत कोणालाच चुकलेली नाही.

आपल्या नौदलातही ती जुनी आहे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर क्षेपणास्त्रं सोडणाऱ्या छोट्या नौकांची सगळ्यांना माहिती असते. त्या तुकडीत ‘पोषक’ हे तेलवाहू जहाजही होतं, याचा उल्लेख सहसा कोणी करत नाही. छोट्या क्षेपणास्त्र नौका वेगवान खऱ्या, पण पल्ला आखूड. जर्मनीत बांधलेलं पहिलं ‘दीपक’ १९६७ मध्ये आलं, ‘शक्ती’ १९७६ मध्ये, रशियातून घेतलेलं ‘ज्योती’ १९९६ मध्ये, कोलकात्यात बांधलेलं ‘आदित्य’ २००० मध्ये. आजची ‘दीपक’ आणि ‘शक्ती’ इटलीत बांधलेली आणि दोन्ही २०११ मध्ये दाखल झालेली. ‘दीपक’ मुंबईत, ‘शक्ती’ विशाखापट्टणमला. २०१३ च्या नोव्हेंबरात रशियाच्या सेवेरोद्विन्स्कमध्ये ‘विक्रमादित्य’ ताब्यात घेतली, तेव्हा तिला गोठत्या उत्तरेकडून कारवारला आणायला ज्या नौका सोबत गेल्या त्यांत ‘दीपक’ होती. नव्या विमानवाहू नौकेचं कौतुक वर्तमानपत्रांत पानभर आलं. दीपकच्या वाट्याला आल्या त्या ओळी मोजक्याच. सोय म्हणून दुसऱ्या देशाचं तेलही घेता येतं: २०१६ च्या भारत-अमेरिका करारानुसार सप्टेंबर २०२० मध्ये उत्तर अरबी समुद्रात ‘तलवार’नं ‘युकॉन’ या अमेरिकी तेलवाहूकडून तेल भरून घेतलं. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डशी पाच नव्या पुरवठा जहाजांचा करार झाला, प्रत्येक जहाज ४४ हजार टनांचं, एकूण करार सुमारे १९ हजार कोटी रुपयांचा.

त्या हातोड्याच्या आकड्याचं राहिलंच. दोन्ही जहाजं बांधलेली असताना इंजिन बंद पडलं, सुकाणू अडकलं किंवा वाटेत दुसरी बोट आली, तर पाचव्या मिनिटाला नव्हे, आत्ताच सुटायला हवं. त्यासाठी हुकूम एकच असतो आणि तो दोन्ही डेकवर पाठ असतो. पंप बंद, नाक सोडा, आकड्यावर हातोडा, तार पाण्यात. गरज पडली तर कुऱ्हाड हाताशी असतेच. एरवी, सगळं सुरळीत झालं की नळीतलं उरलंसुरलं तेल दाबाच्या हवेनं परत ढकलतात, म्हणजे समुद्रात थेंब सांडू नये, आणि दोऱ्या उलट क्रमानं घेतल्या जातात, जाड आधी, बारीक शेवटी. अमेरिकी जहाजांवर सुटताना लाउडस्पीकरवर मोठ्यानं गाणं लावायची रीत आहे. कोणतं गाणं हे त्या-त्या जहाजावर ठरलेलं, आणि त्यावरून खलाशांमध्ये वादही होत असतात म्हणे.

तेल झालं, पीठ झालं, टपाल झालं. एक वस्तू मात्र अजून या पाण्यावरून नीट जात नाही: उभ्या खोबणीतली क्षेपणास्त्रं. आजच्या युद्धनौकांच्या डेकखाली क्षेपणास्त्रं पोलादी डब्यांत, नाक आभाळाकडे करून उभी असतात. डबा सहा-सात मीटर उंच, भरलेला असेल तर काही टनांचा, आणि त्याच्या चारी बाजूंना फट इतकी थोडी की डोलत्या डेकवर तो सरळ खाली सोडणं म्हणजे महाकठीण. अमेरिकेनं एकदा यासाठी जहाजावरच छोटी क्रेन बसवली होती, तीन खोबणींची जागा खाऊन. ती निभली नाही आणि काढून टाकली. म्हणून आजही अशी नौका क्षेपणास्त्रं सोडून रिकामी झाली की तेल भर समुद्रात घेऊ शकते, पण क्षेपणास्त्रांसाठी तिला बंदरात धक्क्याला लागावं लागतं, कधी हजारो मैल मागे जाऊन. ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सान दिएगोजवळ ‘चोसिन’ या क्रूझरनं शेजारच्या ‘वॉशिंग्टन चेंबर्स’ या पुरवठा जहाजाकडून तारेवरून डबा घेतला, डेकवर रुळांच्या चौकटीवर चढवला, उभा केला आणि खोबणीत उतरवला. डबा रिकामा होता. भरलेला डबा, मोठ्या लाटांत, एकामागून एक अनेक, हे पुढचं काम आहे, आणि त्यावर अभियंत्यांची डोकी अजून लागलेली आहेत.